गाळलेली माया

मूळ कागदातला एकही शब्द गाळायचा नाही, हा विमलाचा नियम. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत जर्मन यंत्रं आणणाऱ्या एका कंपनीत ती माहितीपुस्तकांचं इंग्रजी करायची, आणि एक ‘नको’ सुटला तर कुणाचं तरी बोट जातं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. सात वर्षांत हा नियम तिनं एकदाच मोडला, तोही जयवंत फिटरच्या भिडेखातर.

चौऱ्याऐंशी साली जयवंत ट्रेनिंगसाठी वर्षभर जर्मनीला जाऊन आला. तिथं हानेलोर नावाच्या मुलीशी त्याचं जमलं. ती लग्न करून मुंबईत राहायला तयार होती. घोडं अडलं होतं ते घाटकोपरला. जयवंतच्या घरात मधुकरकाकांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. कोर्टात जन्मभर कारकुनी केलेले काका म्हणाले, “मुलीची पत्रं आण. कागद पाहिल्याशिवाय मी मत देत नाही.” काकांना इंग्रजी उत्तम येई, जर्मनच्या नावानं शून्य. म्हणून अकरा पत्रं विमलाच्या टेबलावर आली.

“ते लाडाचं तेवढं काढून टाक ना यार,” जयवंत कानापर्यंत लाल झाला होता. “काका सगळं आईसमोर मोठ्यानं वाचणार. वाट लागेल माझी.”

विमलानं पत्रं चाळली. माझ्या खजिन्या, माझ्या इवल्या उंदरा, आणि एके ठिकाणी तर चक्क माझ्या अस्वला! सहा फुटी जयवंतकडे बघून तिला हसू आवरेना. मग तिला त्याची दया आली. तिनं ते सगळं गाळलं आणि उरलेलं सुबक टाइप करून दिलं.

आठवड्यानं जयवंत तोंड पाडून आला.

“काका नाही म्हणाले. अकरा पत्रांत मायेचा एक शब्द नाही म्हणे. दात दुखतो का, स्वेटर घातलास का, एवढंच. अशी कोरडी पोरगी इथं चार दिवस टिकायची नाही म्हणाले.”

विमलाला स्वतःची भयंकर लाज वाटली. काकांचं काय चुकलं होतं? पुरावाच तिनं नाहीसा केला होता. रविवारी सगळी पत्रं नव्यानं टाइप करून ती स्वतःच घाटकोपरला गेली.

“चूक माझी आहे,” तिनं काकांना सांगितलं. “मी शब्द गाळले होते.”

“कागदातले?” काकांना हा गुन्हा प्रेमापेक्षा मोठा वाटला असावा. त्यांनी चष्मा चढवला, वाचायला लागले, आणि दुसऱ्याच ओळीला खाकरून थांबले. विळीवर नारळ खवत बसलेल्या मालननं, जयवंतच्या आईनं, मान वर केली.

“काय म्हणता ती माझ्या झिलाक?”

काका छताकडे बघू लागले. शेवटी विमलाच मराठीत म्हणाली, “माझ्या इवल्या उंदरा, दात दुखत असला तर लवंग धर, आणि मी जवळ नाही म्हणून रडू नकोस.”

जयवंतनं डोकं गुडघ्यांत घातलं. मालनचा हात खवता खवता थांबला.

“शोभतं का हे?” काका पुटपुटले. “भल्या माणसाला उंदीर!”

“मी ह्येका रोज मेल्या म्हणतंय,” मालन म्हणाली, “ता काय तो मरूचो म्हणान?”

काकांनी अकराच्या अकरा पत्रं मनातल्या मनात, सावकाश वाचली. मग चष्मा काढून म्हणाले, “माझी हरकत नाही.”

मालन पदराला हात पुसत विमलाजवळ सरकली. “बाय गो, ती इली की तिका काय हाक मारू? तिच्याच भाषेतला लाडाचा सांग.”

“शात्स,” विमला म्हणाली. “खजिना.”

मालननं तीनदा जीभ वळवून पाहिली. चौथ्यांदा शब्द नीट जमला, तशी तिनं जयवंतला कोपरानं ढोसलं.

“मेल्या, लवकर बोलाव तिका. माझ्या ध्यानात फार दिस रवाचा नाय.”