शुद्ध झाडपाला आणि मी

मी एक जुना न्यायाधीश आहे. माझ्यासमोर आजवर एकही खोटं टिकलेलं नाही. सध्या माझ्या डोक्यावर साहेबांचा जेवणाचा डबा आहे, कारण प्रयोगशाळेत तेवढी एकच जागा उबदार असते.

मित्रांनो, माझं नाव मास स्पेक्ट्रोमीटर. मला गोळी कुटून लागत नाही, विरघळवून लागत नाही. अख्खी गोळी चिमट्यात पकडून माझ्या तोंडासमोर धरायची. गरम वायूचा झोत तिच्यावरचे चार कण माझ्याकडे आणतो. मी त्यांचं वजन करतो, शंका आली तर तुकडे करून पुन्हा करतो, आणि आतलं औषध ओळखतो. तरुणपणी मला बघायला पाहुणे येत. नवं यंत्र आलं आणि मी खिडकीशी सरकलो.

एकदा मला चालवणाऱ्या बाईंनी त्यांच्या आईची गोळी आणली. पुडीवर लिहिलं होतं, 'शुद्ध झाडपाला'. तीन महिन्यांत आईंचे गुडघे जिना चढू लागले होते. पण चेहरा सुजला होता आणि रक्तातली साखर वाढत होती. गोळीला नावं ठेवलेली मात्र आईंना खपत नसत.

मी सांगितलं, स्टेरॉइड, म्हणजे दुखणं दाबणारं, पण चेहरा सुजवणारं आणि साखर वाढवणारं औषध. शिवाय कापूर आणि मेंथॉल.

साहेब म्हणाले, "बाई, हा तर बाम. यंत्राला म्हातारचळ लागलाय, भंगारात काढू."

बाईंनी हळूच स्वतःची बोटं हुंगली. सकाळी आईंच्या गुडघ्यांना बाम चोळून त्या तशाच आल्या होत्या, आणि गोळी हातानेच धरली होती. वीस वर्षं सगळ्यांना चिमट्यावरून बोलणाऱ्या बाई! (गोळी इतकी गुणकारी असताना बाम कशाला, हे आईंना कोणी विचारलं नाही.)

हात धुऊन त्यांनी पुडीतली दुसरी गोळी चिमट्याने धरली. बाम गेला. स्टेरॉइड जागच्या जागी. साहेबांनी माझ्या निकालाचा कागद दोनदा वाचला आणि डबा उघडला.

आई फोनवर म्हणाल्या, "अगं, त्या यंत्राला गुडघे आहेत का?"

"नाहीत. म्हणूनच ते गोळीची बाजू घेत नाही."

आईंनी फोन ठेवला आणि पुडी उचलली. मग डॉक्टरांकडे गेल्या. एकदम थांबवणं धोक्याचं, म्हणून डॉक्टरांनी ती गोळी हळूहळू सोडवली. साखर उतरली. गुडघे पुन्हा कुरकुरू लागले, त्याचं खापर आई माझ्यावर फोडतात. फोडू देत.

मित्रांनो, माझ्या नळ्या पुसा, मला धुळीपासून जपा, असं मी म्हणणार होतो. ते राहू द्या. पुढची गोळीही कोणाच्या तरी आईची असेल. तिच्या नावावर साहेबांच्या डब्यातला लसूण लागायला नको. तेवढा डबा उचला.