पिवळ्या खुणा

"चार नवे उंदीर घ्या मावशी, आणि मेलेल्यांच्याच खुणा त्यांच्यावर करा. पिवळा रंग कपाटात आहे."

प्रयोग करणाऱ्या दीपेश सरांनी मोबाइलमधून मान वर काढली नाही. कमळाच्या तळहातावर चौथा उंदीर होता. गार, कापसाच्या बोळ्याएवढा हलका.

भिवंडीच्या त्या फार्मसी कॉलेजच्या उंदीरघरात ती चौदा वर्षं पिंजरे धूत होती. या वेळी बारा उंदरांना यकृत बिघडवणारं औषध पाजलं होतं. त्यातल्या सहांना आधी आठवडाभर भुईआवळीचा अर्क. अर्कवाले तगायला हवे होते. सहातले चार गेले.

भुईआवळी तिच्या आईने, धोंडूबाईने दिलेली. पूर्णा गावात, गोदामांच्या भिंतीलगत उरलेल्या ओलीतून ती रोप उपटायची. आधी हात जोडायची, "सोड गं बाई भुई, लेकराची पिवळाई तू घे." निजामपुऱ्यातले पॉवरलूमवाले काविळीला अजून तिच्याच दारी येत. तोच रस तिने आठ वर्षांपूर्वी पोटच्या पोराला, जीवनला, एकवीस दिवस पाजला होता. दवाखान्यात नेऊ दिलं नव्हतं. बाविसाव्या दिवशी जीवन गेला. "उशीर झाला," म्हातारी म्हणाली, आणि घरात पुन्हा कुणी विचारलं नाही.

"सर, मेले ते मेले असंच लिवायचं ना?"

"मावशी, रिसर्च पेपर अडलाय. दोन-चार उंदरांनी काय होतं?"

"दोन-चार?" पिंजऱ्यातले उंदीर दचकून कोपऱ्यात गेले. "माजा भाऊ एकच व्हता. एकच मेला म्हनून कोनी हिशेबात धरलाच न्हाय. आता हे चार बी न्हाय धरायचं? मग माज्या आयशीकडनं झाड कशाला मागितलंत?"

"आवाज खाली. नोकरी प्यारी आहे ना?"

"हाय ना. म्हनून तर खोटं करायची न्हाय."

तिने कपाटातून बाटली काढली, काडीला कापूस गुंडाळला. सरांना वाटलं, ऐकलं. कमळाने चार पिंजऱ्यांच्या चार कार्डांवर जाड पिवळ्या अक्षरांत लिहिलं: मेला. मेला. मेला. मेला. तो रंग धुऊन जात नाही, हे त्या खोलीत तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरच्या ओट्यावर अब्दुर्रहमान बसला होता, लूमवरचा, डोळे हळदीसारखे. धोंडूबाई पाट्यावर पाला वाटत होती. लेकीची पिवळी बोटं दिसली तशी तिने वरवंटा सोडला.

"डोळं दाव गं."

"कावीळ न्हाय, आये. रंग हाय."

"उंदरं?" आठवडाभर ती रोज हेच विचारत होती.

"चार मेली. तुज्याच झाडावर."

कमळाला ओरडायचं होतं, आठ वर्षांचं सगळं. त्याआधीच धोंडूबाईने रसाची वाटी उचलली आणि मोरीत ओतली.

"बेटा," ती अब्दुर्रहमानला म्हणाली, "सरकारी दवाखाने जा. अभी जा." तिने कमळाकडे बोट केलं. "इसको साथ ले."

मग तिने पाटा धुतला, एकटीनेच उचलून भिंतीकडे तोंड करून उभा केला आणि हात जोडले.

"सोड गं बाई," ती म्हणाली. "सोड."