सॅम्पलचा खण

आमच्या ह्यांचा दवाखाना म्हणजे घराचीच पुढची खोली. मी नंबर द्यायचे, हे तपासायचे. तपासायचे कसले, पेशंट खुर्चीत टेकायच्या आत अँटिबायोटिक लिहून मोकळे. सर्दी असो, घसा असो, कॅप्सूल ठरलेली. स्वतःला शिंक आली तरी कंपन्यांच्या सॅम्पलचा खण उघडायचा, दोन कॅप्सूल तोंडात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं की बंद.

मग सून आली, तीही डॉक्टर. शेजारच्या टेबलावर बसायला लागली. ती छाती ऐकायची, घसा बघायची आणि म्हणायची, "काकू, साधी सर्दी आहे. अँटिबायोटिकचा ह्यात उपयोग नाही, आपोआप बरं वाटेल." काकू तोंड वाकडं करून उठल्या की हे हाक मारायचे, "या इकडे. सूनबाईंचा हात जरा आखडता आहे." सगळे हसायचे. पोरीचा चेहरा एवढासा व्हायचा. माझं डोकं फिरायचं, पण ह्यांना सांगणार कोण?

नव्या बुटाने ह्यांची टाच सोलली. त्यात मधुमेह जुना, जखम चिघळली. खणातल्या कॅप्सूल सुरू झाल्या. ही नाही तर ती. सून म्हणाली, "बाबा, पू तपासायला पाठवू या."

"तू मला शिकवणार?"

पायाची बोटं काळी पडली तेव्हा कुठे हॉस्पिटलात गेले. सर्जनने रिपोर्ट ह्यांच्याच हातात दिला. एकही औषध लागू पडत नव्हतं.

"ह्या जंतूंनी सगळं पचवलंय, डॉक्टर," सर्जन म्हणाला. "पाय ठेवला तर तुम्ही जाल."

हे सुनेकडे बघायला लागले. "काहीतरी असेल ना गं?"

"नाही, बाबा."

पाय गुडघ्याखाली कापला.

घरी आणल्यावर शेजारीण भेटायला आली. ह्यांच्या उशाशी बसून खूप हळहळली. मलाही रडू आवरेना. उठता उठता ती म्हणाली, "डॉक्टर, नातीचं नाक वाहतंय हो. तुमची सून काही देतच नाही."

सून दारातच उभी होती. मला वाटलं, आता तरी ह्यांची जीभ अडखळेल.

ह्यांनी पॅड मागवलं, मांडीवर ठेवलं आणि अँटिबायोटिकचं सिरप लिहून दिलं. माझं रडू तिथल्या तिथे आटलं. शेजारणीने कागदाची घडी केली आणि जाताना सुनेला म्हणाली, "बघ, एवढ्या दुखण्यातही नाही म्हणाले नाहीत. शीक जरा."