गळ्याखालचा खड्डा

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. खुर्च्या भरल्या, पायऱ्या भरल्या, उरलेली माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर चढून बसली. सगळ्यांचे डोळे मंचावरच्या काचेच्या पेटीवर खिळले होते. पेटीत लाकडावर कोरीव काम करणारं सीएनसी यंत्र होतं. संगणक सांगेल तसं त्याचं टोकदार पातं फिरतं आणि फळीवर आकृती उठते. छंद म्हणून असलं यंत्र पुष्कळ जण घरी बाळगतात. पण या यंत्राला म्हणे कोणी काही सांगत नव्हतं. ते मेलेल्यांच्या मनातलं ऐकत होतं.

"हात फळीवर ठेवा, आई," मंचावरचा माणूस म्हणाला. "मुलाला आठवा. तोंडानं बोलू नका. लाकूड एके काळी जिवंत होतं. त्याला सगळं कळतं!"

पांढराशुभ्र सदरा, गालाला चिकटलेला माइक, आवाजात मध. जाहिरातीच्या फलकांवर त्याचं नाव 'स्मृतिगुरू' असं होतं. कोरताना पडलेला भुसा पुड्या बांधून उशाखाली ठेवायला द्यायचा, म्हणून टवाळ लोक त्याला भुसाबुवा म्हणत. पण टवाळ लोक बाहेर, आत सगळे भाविक.

म्हातारीनं हात ठेवला, डोळे मिटले, हात काढला. पेटीचं झाकण बंद झालं आणि पातं किंचाळू लागलं. भुसा उडाला. हळूहळू कपाळ दिसलं, मग नाक, मग एका बाजूला झुकलेलं हसू.

"माझा लेक!" म्हातारी मटकन खाली बसली. सभागृहात हुंदके फुटले.

तिसऱ्या रांगेत म्हातारीची सून बसली होती, मांडीवर चार वर्षांची मुलगी घेऊन. नवऱ्याचा चेहरा लाकडातून वर येताना पाहून तिच्या अंगावर काटा आला. शेजारी बसलेल्या नणंदेनं आग्रह केला म्हणून ती आली होती. आता उठून पळावं असं वाटत होतं.

भुसाबुवानं फळी उचलून दिव्यासमोर धरली. डोळ्यांच्या जागी दोन गोल टेंगळं आली होती. हनुवटीखाली, बरोबर गळ्यावर, खोल खड्डा पडला होता. त्यानं खड्ड्यात बोट घातलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं.

"हे लेकरू आपल्या मरणानं गेलेलं नाही. डोळे बघा कसे बाहेर आलेत. याच्या गळ्यावर हात होता. आणि तो हात परक्याचा नाही."

"कोणाचा?" नणंद ताडकन उठली. "सांगा ना, कोणाचा?"

"आज लाकूड एवढंच बोललं. पुढच्या रविवारी नाव उमटेल. सगळं घर घेऊन या."

सगळ्या माना एकाच दिशेला वळल्या. सुनेनं मुलीला घट्ट धरलं. त्याचं कारण लोकांच्या नजरा नव्हत्या. कारण हे, की बुवा म्हणाला ते खरं होतं. तिचा हात गळ्यावर होता.

तिचा नवरा मागच्या अंगणातल्या कार्यशाळेत काम करता करता कोसळला होता. तिनं त्याच्या सदऱ्याचं बटण तोडलं, मानेला बोटं लावली. नाडी लागेना. आणखी दाबलं, आणखी दाबलं. डॉक्टर आल्या तेव्हा म्हणाल्या, हृदय बंद पडलं. पण ती बोटं कोणी पाहिली नव्हती, आणि तिनं सासूलाही कधी सांगितलं नव्हतं. मग लाकडाला कसं कळलं? आपण जास्त जोरात तर दाबलं नाही ना?

त्या संध्याकाळपासून घर फिरलं. सासूनं तिच्या हातचं पाणी घेतलं नाही. उठून स्वतः ओतून घेतलं. "पोरगी आजपासून माझ्याजवळ झोपेल," एवढंच म्हणाली आणि दाराला आतून कडी लावली. नणंद पिशवी भरून राहायला आली. दुकानदारीण सुटे पैसे हातावर देण्याऐवजी फळीवर सरकवू लागली. एका सकाळी कार्यशाळेच्या दारावर लाल रंगात बुडवलेल्या हाताचा ठसा सापडला. सुनेनं फडक्यानं घासला. तो जाईना, नुसता पसरला.

कार्यशाळेत निदान कोणी तिच्याकडे बघत नव्हतं, म्हणून ती दिवसभर तिथंच बसू लागली. नवऱ्यानं हौसेनं जोडलेलं यंत्र तिथं धूळ खात पडलं होतं. दोघं मिळून नावाच्या पाट्या करायची. तो कोरायचा, ती घासून रंग द्यायची. एका जनावरांच्या डॉक्टरांची पाटी अर्धवट राहिली होती: खाली नाव, वर त्यांच्या कुत्र्याचं डोकं. नवरा वापरायचा त्या सॉफ्टवेअरची वर्गणी त्याच्यामागे संपली होती आणि नव्यानं भरण्याइतकी ऐपत नव्हती. म्हणून ती स्वस्तातलं काही मिळतं का ते धुंडाळू लागली. भीतीवर हाताला काम देण्याएवढा दुसरा उपाय तिला ठाऊक नव्हता.

पहिलं सॉफ्टवेअर देखणं होतं. फुकट चालवून बघा म्हणे. तासभर खपून पाटी काढली, आणि यंत्राला द्यायची फाइल मागितली तर 'आधी विकत घ्या'. जेवायला वाढून हात बांधून ठेवल्यासारखं. दुसरं इंटरनेटवर चालायचं, सोपं होतं, पण त्याला सपाट अक्षरांपलीकडे काही येत नव्हतं. तिसरं काही हौशी लोकांनीच बनवून फुकट वाटलेलं. दिसायला गबाळं, पण त्यात एक सोय होती: फोटो द्या, उठावाचं कोरीव काम घ्या.

तिनं कुत्र्याचा फोटो दिला. पडद्यावर जे उमटलं ते पाहून तिला कित्येक दिवसांनी हसू आलं. कुत्र्याचं काळं नाक म्हणजे विहीर झाली होती. काळ्या कानांच्या जागी दोन खड्डे, आणि कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्याचं भलंमोठं टेंगूळ. सॉफ्टवेअर बिचारं आंधळं. नाक म्हणजे काय, कान म्हणजे काय, त्याला काय ठाऊक? काळं दिसेल तिथं खोल खण, पांढरं दिसेल तिथं वर ठेव, एवढंच त्याला कळतं.

हसता हसता ती थांबली. 

नवरा गेला तेव्हा नणंदेनं त्याचा फोटो आपल्या सोशल मीडियावरच्या पानावर टाकला होता. सुनेनं तो फोनवर उघडला. फ्लॅशचा उजेड चष्म्याच्या काचांवर चकाकत होता. हनुवटीखाली दाट सावली पडली होती. तिनं तो फोटो सॉफ्टवेअरला दिला.

तेच कपाळ. तेच हसू. डोळ्यांवर तीच दोन टेंगळं. आणि गळ्याखाली तोच खड्डा.

ती तशीच उठून नवऱ्याला तपासायला आलेल्या डॉक्टरांकडे गेली आणि नाडी शोधल्याची गोष्टही पहिल्यांदाच बोलून टाकली. डॉक्टरांनी सगळं ऐकलं. "रविवारी मी येते," त्या म्हणाल्या. "पण बोलायचं तूच. मी बोलले तर लोक म्हणतील, शिकलेल्या माणसांना असंच वाटतं."

रविवारी गर्दी दुप्पट होती. खुन्याचं नाव ऐकायला कोणाला आवडत नाही? भुसाबुवानं हात वर करून शांतता मागितली, तोच सून उभी राहिली.  छातीशी फडक्यात गुंडाळलेली फळी होती.

"गुरुजी, आधी माझं लाकूड वाचा."

सभागृहात कुजबुज झाली. "बघा, स्वतःहून आली," कोणीतरी म्हणालं. बुवा गालात हसला. सावज आपल्या पायानं चालत आलं होतं.

मंचावर चढून तिनं फडकं फक्त खालच्या बाजूनं वर केलं. गळा दिसला, आणि गळ्यावर खोल खड्डा.

"चेहरा?" बुवानं विचारलं.

"लाकडाला सगळं कळतं ना? मग गळा पुरे."

लोक बघत होते. मागे हटायची सोय नव्हती. बुवानं खड्ड्यात बोट घातलं, डोळे मिटले. "अरेरे! हाही आपल्या मरणानं गेला नाही. श्वास कोंडून गेला. हात घरातलाच. तळमळतोय बिचारा, मुक्ती मागतोय!"

"नक्की मेलाय?"

"बाई, माझं लाकूड कधी खोटं बोलत नाही!"

तिनं फडकं ओढून काढलं. फळीवर भुसाबुवाचाच चेहरा होता, त्याच्याच जाहिरातीच्या फलकावरून उतरवलेला, हसरा, दाढी नीट कातरलेली.

क्षणभर कोणाला कळेना. मग मागून एक हसला, आणि मग सभागृह असं हसलं की काचेची पेटी थरथरली. "गुरुजी, दहावं कधी?" कोणीतरी ओरडलं.

सून हसली नाही. तिनं पिशवीतला संगणक काढून मंचावर ठेवला आणि पडद्यावर कुत्रा दाखवला, काळ्या नाकाची विहीर दाखवली. समोरच्या एका बाईचा तिथल्या तिथं फोटो काढला आणि सॉफ्टवेअरला दिला. त्या धडधाकट बाईच्याही गळ्याला खड्डा पडला. "सावली काळी असते, म्हणून खोल जाते. चष्म्यावरची चकाकी पांढरी, म्हणून वर येते. हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. कोणीही करू शकतं."

"पण मी फोटो दिलाच नव्हता!" नणंद म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता.

"जागा राखून ठेवताना फोन नंबर दिलात ना, ताई? त्या नंबरावरून तुमचं पान सापडतं. पानावर पहिला फोटो तुमच्या दादांचाच आहे."

बुवा सावरत होता. "यंत्र निमित्त आहे! या बाईला विचारा, हिचा हात गळ्यावर होता की नव्हता?"

अंदाजानं मारलेला दगड बरोबर दुखऱ्या जागी लागला.  सून सासूकडे वळली. "होता, आई. नाडी बघत होते. लागेना, म्हणून दाबत राहिले. तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही."

 डॉक्टर जागेवरूनच म्हणाल्या, "मी पोहोचले तेव्हा मीही त्याच जागी बोटं लावली. नाडी तिथंच बघतात. मग माझंही नाव उमटवणार का?"

 बुवाचे मदतनीस पेटीच्या तारा गुंडाळू लागले होते. सगळ्यांचे डोळे उघडले असं मात्र म्हणता येणार नाही. जाता जाता काही जणांनी भुशाच्या पुड्या गुपचूप खिशात घातल्या.

 घराच्या दारात थांबून सासू म्हणाली, "पोरीला घे. तुझ्यावाचून झोपत नाही ती." थोड्या वेळानं आतून आवाज आला, "आणि मला पाणी दे गं."

कार्यशाळेच्या दारावरच्या ठशावर सुनेला दोनदा रंग द्यावा लागला. पाट्यांचं काम पुन्हा सुरू झालं, त्याच गबाळ्या सॉफ्टवेअरवर. पुढं एक बाई रडत आली. तिच्या भिंतीवर पाण्याचे डाग उमटले होते, त्यात तिला मेलेल्या बहिणीचा चेहरा दिसत होता, आणि कोणीतरी सांगितलं होतं की घरावर कोप झालाय. सून काही बोलायच्या आत सासूच पुढं झाली. म्हातारीनं तिला बसवलं, पाठीवरून हात फिरवला.

"घाबर, बाई, घाबरायला हरकत नाही. मीही घाबरले होते, आणि घाबरून घरच्याच पोरीवर उठले होते. पण कोणाचा कोप ते मागाहून बघू. आधी चल, तुझ्या भिंतीमागून पाण्याचा नळ कुठून जातो ते बघू."