'लेट'चा सहावा अर्थ

एकतीस वर्षं मी शाळेत इंग्रजी शिकवलं आणि 'लेट' या क्रियापदावर दरवर्षी पूर्ण एक तास घालवला. "लेट म्हणजे काय?" असं विचारलं की मागच्या बाकावरून हमखास यायचं, "उशीर, बाई! यष्टी लेट!" वर्ग हसायचा. मग मी फळ्यावर पाच अर्थ लिहायची: परवानगी देणे, 'चला' म्हणणे, खोली भाड्याने देणे, आत घेणे आणि तोंडघशी पाडणे. पाच अर्थ आसपासच्या कुठल्या मास्तराला येत नव्हते, हे मी चारचौघांत सांगतही असे.

गेल्या वैशाखात वैष्णवी आली. माझीच विद्यार्थिनी. शिवऱ्याच्या पुढच्या एका कंपनीत सहा वर्षं पॅकिंगला होती, यंदा पर्मनंट करतील असं चाललं होतं. आईच्या पिशवीचं ऑपरेशन ठरलं म्हणून तिनं दहा दिवसांची रजा मागितली होती. त्यावर साहेबांचा इंग्रजीत मेसेज आला होता.

"बाई, मोबाईल म्हनतोय, जाऊ देतायत. खरं ना?"

"मोबाईलला काय कळतंय? आण इकडं."

चष्मा लावून मी वाचलं. 'वुई हॅव डिसायडेड टु लेट यू गो.' लेट, परवानगी देणे. अर्थ क्रमांक एक. "दिली रजा," मी म्हणाले. "आणि नुसतं ओके पाठवू नकोस, आभार मान." मग मीच सांगितलं आणि तिनं टाइप केलं: थँक यू व्हेरी मच, सर. आय अ‍ॅम व्हेरी हॅपी. त्यातला दुसरा 'व्हेरी' मी माझ्या पदरचा घातला.

अकराव्या दिवशी वॉचमननं तिला गेटवरच अडवलं. नावच कमी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. चीड अंगात मावत नव्हती. ऑफिसातल्या शेफाली मॅडम वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी शांतपणे स्क्रीन माझ्याकडं वळवली. "काढल्याचं आम्ही कळवलं होतं. तक्रार असती तर आठवड्यात सांगायचं. ह्यांनी तर आनंद झाला म्हणून लिहिलंय."

"ते मी लिहायला लावलं. रजेचं समजून. चूक माझी आहे."

"पण आजी, पाठवलंय ह्यांनीच ना?"

मी स्क्रीनवरचं ते वाक्य पुन्हा वाचलं. माणसाला कामावरून काढायचं आणि वर जाऊ देतो म्हणायचं! जणू पोरगी दार उघडा म्हणून रडत होती. हा सहावा अर्थ मला येत नव्हता, आणि पाचवा मी तिच्यावर करून दाखवला.

परत येताना आमच्या किकवीच्या स्टॉपवर उतरताना तिनं माझा हात धरला. पायरी उंच होती.

"वैष्णवी, मी..."

"जाऊ द्या, बाई."

एवढंच म्हणाली आणि आईच्या गोळ्या घ्यायला मेडिकलकडं वळली. त्यानंतर ती माझ्याकडं आलेली नाही. ते दोन शब्द तर मराठी आहेत. तिनं मला माफ केलं की सोडून दिलं, हे विचारायला तिच्या दारापर्यंत जायचा धीर मला अजून झालेला नाही.