यादीतला पहिला नंबर

"काका, रुसलात की काय? सारखं भिंतीकडे तोंड करून उभे राहताय."

शीतगृहाच्या चौथ्या खोलीत, दोन अंश तापमानात, मोजणीकाका फोन छातीशी धरून उभे होते. हटकणारी बाई तिथलीच, फळांच्या रसाची खोकी तपासणारी. दिवसभर ती या खोलीत एकटीच असे. जाड कोट, कानटोपी, कानामागे पेन. सगळे तिला ताई म्हणत.

"माणसाचं अंग म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच," काका म्हणाले. "आणि पाणी सिग्नल खातं. अँटेनाकडे तोंड केलं की आकडा छान येतो. पण पडलेला माणूस काय अँटेनाकडे तोंड करून पडतो?"

"म्हणजे मी पडणारच, असं धरून चाललाय!"

"तुम्ही पडू नका. धरून चालायचं काम माझं."

शीतगृहाच्या भिंतींना पोलादी पत्रा होता, त्यामुळे बाहेरचं मोबाइल नेटवर्क आत यायचंच नाही. मागच्या वर्षी याच खोलीत एक कामगार घसरून पडला आणि पाऊण तास कुणाला कळलंच नाही. म्हणून कंपनीने इमारतीपुरतं स्वतःचं बिनतारी नेटवर्क उभारलं. त्यावर माल उचलणाऱ्या गाड्या, स्कॅनर आणि तापमापक चालणार होते. शिवाय एकट्याने काम करणाऱ्याच्या कॉलरला बोलायची सोय असलेलं एक बटण. ते दाबलं की ठरवून दिलेल्या यादीतल्या पहिल्या नंबरला फोन लागायचा. अर्ध्या मिनिटात कुणी उचलला नाही तर दुसऱ्याला.

सव्वीस वर्षं काका लोकांच्या इमारतींमधून असेच हिंडले होते, सिग्नल कुठे पोचतो आणि कुठे मरतो ते मोजत. इथेही रिकामी खोली मोजायला त्यांनी साफ नकार दिला. आधी छतापर्यंत खोकी रचायला लावली, मग मोजलं, आणि कोपऱ्यात एक अँटेना वाढवायला लावला.

"निवृत्तीला चार दिवस राहिलेत, तरी काका छळतायत," तंत्रज्ञ कुरकुरले.

चाचणीसाठी काकांनी यादीत पहिला नंबर स्वतःचा घातला. मग ताई एक्केचाळीस जागी उभी राहून बटण दाबत गेली आणि काका बाहेरच्या व्हरांड्यात बसून उत्तर देत गेले.

"ऐकू येतंय का?"

"येतंय."

शुक्रवारी काका निवृत्त झाले. सोमवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी घरी त्यांचा फोन वाजला.

"चौथी खोली. ऐकू येतंय का?"

"येतंय," सवयीने तोंडून गेलं. मग ते म्हणाले, "ताई? अहो, मी घरी आहे."

"अय्या, काका! मला वाटलं कंट्रोल रूमला लागेल. रोज कामाआधी बटण तपासायचा नियम झालाय ना."

यादीतला आपला नंबर काढायचा राहिला, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. सव्वीस वर्षांत साधी बॅटरी न विसरलेला माणूस! दहा वाजता ऑफिसला कळवू, असं त्यांनी ठरवलं. मग दुपारी. मग उद्या.

दोन खोल्यांचं घर. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगा परदेशी, त्याचा फोन रविवारी, तोही सुनेने आठवण केली तर. आदल्या संध्याकाळपासून कुणाशी बोलणं नसल्याने सकाळी आवाज घोगरा निघायचा. म्हणून गुरुवारपासून काका सातच्या आत चहा घेऊ लागले. घसा मोकळा व्हावा म्हणून. पुढच्या आठवड्यात तर ते दाढीसुद्धा आधी उरकू लागले.

"काका, आज आवाज खणखणीत आहे हं!"

"पाठ फिरवून बोला बघू."

"फिरवली. आता?"

"येतंय."

दुसऱ्या गुरुवारी ताई लवकर आली असावी. सातला पाच कमी असताना फोन वाजला, तेव्हा काका न्हाणीघरात होते. ओल्या पायांनी धावत येईपर्यंत तो थांबला.

ते तसेच टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसले. अर्धं मिनिट वाया गेलं होतं. आणि उचलला असता तर? उचलला की यादी तिथेच थांबते. मग इथून कंट्रोल रूमला कळवायला किती वेळ? त्यांनी घड्याळ लावलं आणि नंबर फिरवला. लाइन व्यस्त. पुन्हा फिरवला. समोरून आवाज आला तेव्हा एक मिनिट पन्नास सेकंद झाले होते.

"माझा नंबर यादीतून काढा. चौथ्या खोलीच्या."

"काका? सोमवारी करू की. एवढी काय घाई आहे?"

"चूक माझी आहे. आत्ता काढा. मी थांबतो."

फोन कानाला लावून ते थांबले. खालच्या फरशीवर पाण्याचं थारोळं झालं.

"काढला. आता पहिला नंबर आमचा. बाकी बरं ना?"

"बरं. ताईंना एकदा बटण दाबून बघायला सांगा. भिंतीकडे तोंड करून."

दुसऱ्या दिवशी काकांनी सातच्या आत दाढी केली, चहा घेतला आणि फोन समोर ठेवून बसले. सव्वासातला त्यांनी मोजणीची जुनी वही उघडली, तारीख घातली आणि नेहमीच्या बारीक अक्षरात नोंद केली :

'७.१०. कॉल आला नाही. बरोबर.'