शिंतोडीची अलमारी

मित्रांनो, मी एक जुनी जाळीची अलमारी आहे. काही घरांत मला जाळीचे कपाट म्हणतात. जी हकीकत सांगणार आहे ती एकोणीसशे एक्क्याऐंशी सालची. तेव्हा माझी निम्मी हयात सरली होती आणि उरलेली निम्मी मला नकोशी झाली होती.

एका सुताराने मला चांगल्या लाकडात बनवले. तिन्ही बाजूंना बारीक जाळी, आत तीन फळ्या, पुढे दोन दारे. चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या असत, म्हणजे मुंग्या वर चढत नसत. दूध, लोणी आणि सकाळचे उरलेले अन्न माझ्या स्वाधीन असे. शेजारचे मांजर रोज दुपारी यायचे, जाळीला नाक लावून बसायचे आणि शेपटी हलवीत परत जायचे. घरातली बाई म्हणायची, "ही आहे म्हणून मला घोर नाही." असे कोणी म्हटले की लाकूडसुद्धा फुगते.

मग घरात फ्रीज आला आणि मला पुसून मागच्या व्हरांड्यात नेऊन ठेवले.

घर एका घड्याळजींचे होते. पुढच्या खोलीत त्यांचे दुकान, मागे दोन खोल्या, मग व्हरांडा आणि उंच भिंतींचे फरशीचे अंगण. घड्याळजींना सगळे अहोजाहो करायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे माझ्या बाईला, मी मात्र अगंतुगं करते. इतकी वर्षे दिवसातून दहा वेळा तिचा हात माझ्या पोटात असायचा, तिथे कसली औपचारिकता?

घड्याळजींना कोचीन कोंबड्यांचा नाद होता. तुम्ही या कोंबड्या पाहिल्या नसतील तर सांगते. कापसाचा मोठा गोळा फुगवून त्याला चोच लावावी तशी ही कोंबडी दिसते. पिसे थेट पायांच्या बोटांपर्यंत, जणू लोकरीचे मोजे घालून फिरते आहे. अंगणात बदामी होत्या, काळ्या होत्या, पांढऱ्या होत्या, पण घड्याळजींचा जीव निळ्यांवर. निळी म्हणजे आकाशासारखी नव्हे. दगडी पाटी पुसून वाळली की दिसते तशी, राखेकडे झुकणारी निळी.

नाद त्यांचा आणि राबणूक बाईची, अशी वाटणी होती. या कोंबड्यांचे पाय ओले राहून चालत नाही. पिसांत चिखल अडकला की गोळे होतात, बोटे सडतात. बाई दोन वेळा अंगण झाडायची, भुसा बदलायची, आणि संध्याकाळी एकेकीला मांडीवर घेऊन जुन्या फडक्याने पाय पुसायची. सहा वर्षांत ती एका रात्रीसाठीही घराबाहेर राहिली नव्हती. अंगणाच्या भिंती कोंबड्यांसाठी उंच बांधल्या होत्या, पण त्यांच्यावरून बाईलाही काही दिसत नसे.

एकदा कोंबड्यांच्या प्रदर्शनात परीक्षक घड्याळजींना म्हणाले, "रंग सुरेख आहे, पण हा योगायोग. एका वेळची सगळी पिल्लं निळी काढून दाखवा, मग बोलू." ते वाक्य घड्याळजींच्या डोक्यात घर करून बसले. ते दरवर्षी निळ्या कोंबडीला निळा कोंबडा लावत, आणि दरवर्षी निम्मीच पिल्ले निळी निघत. बाकीच्यांत काही कुळकुळीत काळी, काही पांढरी आणि त्यांच्यावर शाई झटकल्यासारखे शिंतोडे.

"दोन बरोबर चालणारी घड्याळं शेजारी ठेवली," ते म्हणायचे, "तर तिसरं चुकेल कसं?"

काळी आणि शिंतोड्यांची पिल्ले बाद ठरत. मोठी झाली की ती शेजारच्या बेकरीवालीकडे जात. ती मोठ्या आवाजाची, हसरी बाई होती.

"दादा, तुमच्याकडे बाद व्हायला बरं," एकदा ती टोपली उचलत म्हणाली. "बाद झालं की मोकळं आवार मिळतं, पावाचा चुरा मिळतो. वहिनींना कधी बाद करताय?"

बाई हसली. घड्याळजींना विनोद कळला नाही.

एकच बाद कोंबडी त्यांनी ठेवून घेतली. बाई तिला शिंतोडी म्हणायची. शिंतोडी अंडी उबवायला बसली की जगबुडी झाली तरी उठत नसे, आणि निळ्यांची अंडी उबवायला अशीच कोंबडी हवी होती. पण तिचे रक्त निळ्यांत मिसळायला नको. तेव्हा घड्याळजींची नजर माझ्याकडे गेली. त्यांनी माझ्या दोन फळ्या काढल्या, तळाशी गवत पसरले, शिंतोडीला आत ठेवले आणि कडीत तार पिळली.

मित्रांनो, तोवर बाहेरच्याला आत येऊ द्यायचे नाही हे माझे काम होते. आता आतल्याला बाहेर जाऊ द्यायचे नाही हे झाले. जाळी तीच आणि दारेही तीच, पण पूर्वी मला ज्याचा अभिमान होता त्याचीच आता लाज वाटू लागली. ती दिवसभर एकाच कोपऱ्यात उभी राहून अंगणाकडे बघायची. पंख पसरायला गेली की दोन्हीकडून माझीच जाळी लागायची. मला वाटायचे, पाऊलभर तरी रुंद व्हावे. लाकडाला ते जमत नाही. दोन वर्षे ती माझ्यात होती. पिल्ले उबवायची, वाढवायची, ती काढून नेली की पुन्हा एकटी.

त्या साली बाईच्या थोरल्या बहिणीचे पत्र आले. ती बसने दिवसभराच्या अंतरावर राहायची आणि तिची नजर जात चालली होती. बाईने पत्र माझ्या बाजूला टेकून वाचले, म्हणून मलाही दिसले. अक्षरे एवढी मोठी की एका पानावर पाचच ओळी. 'डॉक्टर म्हणतात उपाय नाही. अजून तोंडावळा दिसतो. तुझा बघायचा राहिला आहे. पुढच्या वर्षाचं सांगता येत नाही.'

बाई पत्र घेऊन दुकानात गेली.

"जा ना, मी कुठे नाही म्हणतो?" घड्याळजी भिंगातून डोळा न काढता म्हणाले. "एकदा सगळी निळी निघू देत. मग हा पसाराच बंद. महिनाभर राहून ये."

"आणि नाही निघाली तर?"

"निघतील. जोडी चुकते आहे, एवढंच."

बाई व्हरांड्यात आली आणि शिंतोडीपुढे दाणे टाकीत बराच वेळ बसली. संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, "मला काय वाटतं, सांगू? निळ्यातून दर वेळी काळी आणि पांढरी सुटून निघतात. म्हणजे निळं हे मिश्रण झालं. मग सरळ काळा कोंबडा आणि शिंतोड्यांची कोंबडी एकत्र केली तर? कोऱ्या चहात दूध घातल्यासारखं."

"अगं, स्वयंपाकातलं डोकं इथे चालवू नकोस," घड्याळजी म्हणाले. "डाग असलेला भाग घड्याळात घालायचा नसतो."

आठवड्याने तिने पुन्हा सांगून पाहिले. तेच उत्तर मिळाले.

अंगणात एक बाद ठरलेला काळा कोंबडा होता, कोळसा नावाचा. तो बेकरीवालीकडे जायचा होता. बाईने तिला भिंतीपलीकडून हाक मारली. "याला तीन आठवडे उशिरा नेलंस तर चालेल का?"

"का हो? प्रेमात पडलात की काय त्याच्या?"

"मी नाही," बाई म्हणाली. "दुसरं कोणीतरी पडायला हवंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी, घड्याळजी दुकानात मान मोडून बसले असताना, बाईने कडीची तार सोडली. बाकीचे कोंबडे खुराड्यांत बंद होते, एकटा कोळसा मोकळा. शिंतोडी खाली उतरली आणि फरशीवर अशी चालली जणू पाय दुसऱ्या कोणाचे आहेत. तीन आठवडे रोज दुपारी तासभर ती बाहेर असे आणि तेवढा वेळ मी रिकामी असे. एवढे हलके मला फ्रीज येण्याआधीही वाटले नव्हते. तास संपला की बाई तिला आत ठेवून पुन्हा तार पिळायची. तेव्हा ती माझ्याकडे बघायची नाही, शिंतोडीकडेही नाही.

दहा अंडी जमली आणि शिंतोडी उबवायला बसली. घड्याळजींनी आपल्या निळ्या जोडीची दहा अंडी आणून दिली. प्रत्येकावर त्यांनी पेन्सिलीने तारीख घातलेली असे, तबकडीवरच्या आकड्यांसारखी बारीक. बाईने तीच तारीख तशाच अक्षरात शिंतोडीच्या अंड्यांवर घातली आणि ती तिच्याखाली सारली. निळ्यांची अंडी बेकरीत गेली आणि त्यांचे केक झाले.

एकविसाव्या दिवशी माझ्या तळाशी चिवचिव सुरू झाली. दहांतून नऊ पिल्ले निघाली. घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावून एकेक पिल्लू उजेडात धरले. नऊच्या नऊ निळी. त्यांनी ती तीनदा मोजली.

"जमली जोडी," ते म्हणाले.

"मग मी जाऊ?"

"जाशील गं. पण एकदाच निघाली तर पुन्हा योगायोगच म्हणतील. आणखी एक वेळ काढू, आणि मग..."

बाईने हातातले पिल्लू शिंतोडीच्या पंखाखाली ठेवले. "ती तुमच्या जोडीची नाहीत," ती म्हणाली. "तुमच्या जोडीचे केक झाले. ही शिंतोडीची आहेत. बाप कोळसा."

घड्याळजींनी डोळ्याचे भिंग काढले. "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. ज्यांच्यातून सगळी निळी निघायची तीच तुम्ही सहा वर्षं बाद करत होतात." मग ती उठली. "मी उद्या सकाळच्या बसने ताईकडे चाललेय. यांचे पाय कोरडे ठेवा, भुसा रोज बदला."

"किती दिवस?"

"तिला मी दिसेनाशी होईपर्यंत."

ती गेली. मला वाटले, आता शिंतोडी सुटली. पण झाले उलटेच. घड्याळजींनी दुकानातून एक छोटे कुलूप आणले आणि माझ्या कडीला घातले. बिघडलेली म्हणून जिला कोंडले होते, तिला आता मोलाची म्हणून कोंडले. जाळी दोन्ही वेळा सारखीच लागते, हे मी शपथेवर सांगते.

ते रोज पाय पुसायचे, अंगण झाडायचे. बाईला किती वाकावे लागत होते ते त्यांना कंबर धरल्यावर कळले. तरी कुलूप काही निघाले नाही.

सात महिन्यांनी बाई परतली. तिने कुलूप पाहिले. किल्ली मागितली नाही, नवऱ्याचा पेचकस घेतला आणि माझ्या दारांच्या बिजागऱ्यांचे स्क्रू काढू लागली. घड्याळजी दुकानातून आले, क्षणभर उभे राहिले, आणि दार अंगावर पडू नये म्हणून त्यांनी ते दोन्ही हातांनी धरले.

थोरल्या बहिणीची नजर त्या सात महिन्यांत पूर्ण गेली, पण बाई म्हणायची की तिला शेवटचे दिसले ते आपलेच तोंड, आणि बहिणीने त्यावरही 'जाड झालीस' असे म्हटले. ती नंतर बारा वर्षे जगली आणि बाई दरवर्षी तिच्याकडे जाऊन आली. घड्याळजींनी प्रदर्शनात पुन्हा पक्षी नेले नाहीत. कोंबड्या त्यांनी हळूहळू वाटून टाकल्या आणि म्हातारपणी त्यांचे हात थरथरू लागले तेव्हा दुकान बंद केले. बेकरीवालीच्या आवारात कोळशाने राज्य केले. ती बेकरी आता तिची सून चालवते. शिंतोडी आणखी चार वर्षे अंगणात राहिली. सकाळी ती सगळ्यांच्या आधी उन्हात जाऊन बसायची. बाई आता नाही. मी बिनदारांची उभी आहे, आणि माझ्यात कुंड्या ठेवतात.

मित्रांनो, जनावर असो की माणूस, ज्याला तुम्ही जपून ठेवले आहे त्याला बाहेर जायचे आहे का, हे अधूनमधून विचारत जा. मला तोंड नव्हते म्हणून मी दोन वर्षे विचारू शकले नाही. तुम्हाला आहे.